पाटकऱ्याची मुंगी

पाण्याची पाळी आमची होती आणि पाट कोरडा ठणठणीत. सकाळपासून मी कोबीच्या सऱ्यांत खुरपत होते आणि घडीघडी मान वर करून पाटाकडे बघत होते. ऊन असं की ढेकूळ हातात घेतलं तरी चटका बसावा. पाणी काही येईना. शेवटी खुरपं फेकलं आणि बांधापलीकडच्या म्हातारीवर तोंड सोडलं.

“तुझं भिजवून झालं ना? मग पाणी खाली का सोडत नाहीस?”

“मी कशाला पाटाच्या दाराला हात लावू? पाटकरी येईल, तो सोडेल.”

“मिरचीत गुडघाभर पाणी साचलंय तुझ्या! बेडकं पोहायला लागली!”

“पोहू देत की. बेडकं काय तुझ्या बापाची आहेत?”

बाप निघाल्यावर मी मागं राहणारी नाही. दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या काढल्या असत्या, पण तेवढ्यात पाटावरून फटफटी आली. पाटकरी उतरला आणि हसतच म्हणाला, “वहिनी, तुमचा आवाज पार वरच्या दारापर्यंत आला. म्हटलं लवकर जावं, नाहीतर धरण फुटायचं.”

म्हातारीही हसली, मीही हसले. तसाच होता तो. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते तो ठरवायचा. दारं सगळी गंजलेली, कुठलं दार कुठं ठोकलं की हलतं ते त्यालाच ठाऊक. त्यामुळं गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. पण गडी कधी चढून बोलला नाही. बायकांशी आदबीनं वागायचा, म्हाताऱ्यांना फटफटीवर बसवून घरी सोडायचा.

त्याच्यासोबत त्याची पोर होती. पहिल्या बायकोची. ती बिचारी तापानं गेली आणि त्यानं दुसरी केली. पोर एवढीशी, काटकुळी, आणि सदा अंगापेक्षा मोठं काहीतरी वाहत असायची. कधी दारं फिरवायचा लोखंडी पान्हा, कधी पाण्याची कॅन. म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणायचे. तो जाईल तिथं तिला फटफटीवर पुढं बसवून न्यायचा. त्या दिवशीही त्यानं सांगितलं तिथं ती उभी राहिली आणि निघेपर्यंत हलली नाही.

आमचे हे जवळच खत टाकत होते. मी त्यांना टोमणा मारला, “बघा, बाप असावा तर असा. तुम्हाला आपली पोरं कितवीत आहेत ते तरी सांगता येतं का?”

यांनी खताची पाटी उचलून पुढची सरी धरली. खरंच सांगता येत नव्हतं.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी जाऊ, गावच्या दवाखान्यातली नर्स. दवाखाना म्हणजे एक खोली, एक व्हरांडा, बाहेर बाक. डॉक्टर यायचे आठवड्यातून एकदा, तेही आले तर. बाकी सगळा कारभार हिच्याच अंगावर. पोरांची वजनं, लसी, बायकांचं अवघडलेपण, विळा लागलेली बोटं. घरी यायची ती औषधाचा वास घेऊन, आणि आल्या आल्या चुलीपाशी न येता आधी हात धूत बसायची. मी म्हणायचे, “धाकटे, हात धुऊन धुऊन रेषा जातील. नशीब कुठं शोधशील मग?” ती हसायची, पण धूतच राहायची.

एका दुपारी मी तिचा डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर बाकावर पाटकऱ्याची नवी बायको बसलेली, मांडीवर मुंगी. धाकटीनं पोरीचा कान बघितला, घसा बघितला, छातीला नळी लावण्यासाठी झगा वर केला. मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती बराच वेळ तशीच थांबली.

“कशानं झालं हे?” तिनं विचारलं.

“पायरीवरून पडली, सिस्टर,” बायको म्हणाली. आवाज कोरडा, नजर जमिनीवर.

“आणि दुखतं काय म्हणालात?”

“कान.”

धाकटीनं मलम दिलं. त्या गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, पण डब्याला हात लावला नाही.

“कानाला काही झालेलं नाही, ताई. गेल्या वेळी खोकला म्हणून आणली होती, खोकला नव्हता. आणि ही काही पडलेली नाही. शेतातली पोरं मी रोज बघते. पडलं की गुडघे फुटतात, कोपरं सोलतात, कपाळाला टेंगूळ येतं. पडणारं माणूस हात पुढं करतं ना? मग कानामागं कसं लागेल? दंडाच्या आतल्या बाजूला? पाठीवर तर दोन दोन रेघा आहेत, पाण्याच्या नळीनं मारल्यासारख्या.”

माझ्या तोंडातून निघालं ते गावात कुणाच्याही तोंडून निघालं असतं तेच. “सावत्र आई. दुसरं काय!”

“मलाही तेच वाटतं,” धाकटी म्हणाली.

तिनं मग आपल्या गावात जे करतात तेच केलं. घरातलं घरात मिटावं म्हणून घरच्या माणसाला सांगितलं. पाटकऱ्याला दवाखान्यात बोलावलं आणि म्हणाली, दादा, पोरीच्या अंगावर वळ आहेत, घरात जरा लक्ष ठेवा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. म्हणाला, “सिस्टर, तुम्ही होता म्हणून कळलं. मी दिवसभर बाहेर. आता बघतो मी.” हात जोडून गेला.

त्या दिवशी धाकटीनं रात्री दोन घास जास्त खाल्ले. मलाही बरं वाटलं.

त्यानंतर चार-पाच दिवस ती बायको दवाखान्यात फिरकली नाही. आली तेव्हा तिचा ओठ फुटलेला होता आणि मुंगीची बोटं सुजून टम्म झाली होती. दारात सापडली, असं सांगत होती. धाकटीचा तोल गेला. एरवी ती कुणाला अगं म्हणून बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली, “लाज नाही वाटत? एवढुसं लेकरू आहे. पुढच्या वेळी असलं काही दिसलं तर मी सरळ पोलिसांना बोलावीन!”

बायकोनं पहिल्यांदा वर बघितलं. “बोलवा,” ती म्हणाली.

एवढंच बोलून पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. धाकटी दवाखाना बंद करून शेतात आली ती तोच शब्द डोक्यात घेऊन. मी तिला विचारायला हवं होतं, पण माझं डोकं पाण्यानं तापलेलं. आमची पाळी पुन्हा हुकली होती.

“आता वाट बघायची,” मी करवादले. “पाटकरी वरच्या दारावर गेलाय. वरच्या गावांना पाणी लागलं की हा सकाळी चढतो तो संध्याकाळी उतरतो. तिथं फटफटी जात नाही, माणूस सापडत नाही.”

“पोरीला नेतो तिकडं?”

“चढ केवढा! तेवढ्या एका दिवशी घरी ठेवतो. नाहीतर कधी सोडतो का तिला?”

धाकटी मटकन बांधावर बसली. मला वाटलं उन्हानं घेरी आली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तिनं माझं मनगटच धरलं.

“ताई, ती त्याच दिवशी येते. कान दुखतो म्हणून आली तेव्हाही तो वरच असणार, नाहीतर पोर तिच्या हाती लागली कशी? खोकला म्हणून आली तेव्हाही. तो वर गेला की ती पोरीला उचलून माझ्याकडं आणते. खोकला नाही, कान नाही. मला दाखवायला आणत होती ती. आणि मी… मी जाऊन त्यालाच सांगितलं!”

फटफटीवर पुढं बसलेली ती पोर डोळ्यांसमोर आली. लाड म्हणून नेत नव्हता तो. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून नेत होता. आणि मी माझ्या नवऱ्याला सांगत होते, बाप असावा तर असा!

तो संध्याकाळपर्यंत उतरायचा नव्हता. आम्ही दोघी तशाच मातीच्या पायांनी त्याच्या घरी गेलो. नवी बायको मागच्या खोलीत बटाटे सोलत होती. मुंगी तिच्या पाठीला टेकून बसलेली. आम्हाला बघून बायकोनं आधी दाराबाहेर बघितलं, मग कडी लावली.

धाकटी तिच्यासमोर जमिनीवरच बसली. “माझी चूक झाली,” ती म्हणाली. “मला तेव्हाच सांगायचं होतंस गं.”

“काय सांगू, सिस्टर?” बायकोचा हात थांबला नाही, सालं पडत राहिली. “मी सावत्र. मी बोलले असते तर कुणाला खरं वाटलं असतं? तुम्हाला तरी वाटलं असतं? म्हटलं आपण बोलायचंच नाही. तुमच्यासमोर नेऊन बसवायची, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला दिसेल.” मग ती थांबली. “तुम्ही त्याला बोलावून सांगितलंत त्या दिवशी घरी येऊन त्यानं विचारलं, कुणाला दाखवलंस? बोटं तेव्हाच मोडली.”

धाकटी तिथं रडली नाही. मुंगीजवळ सरकून म्हणाली, “बाळा, मला बोटं बघू दे. दुखवणार नाही.” पोरीनं हात पुढं केला आणि डोळे गच्च मिटून घेतले. असा राग माझ्या अंगात आयुष्यात कधी भरला नव्हता.

पण राग निराळा आणि घर निराळं. घरी येऊन धाकटीनं सांगितलं की मी हे वर कळवणार, तेव्हा अंगणात रणच माजलं. मामंजी म्हणजे आमचे सासरे, पीक त्यांच्या जिवावर. कोबीचं एकेक रोप त्यांनी वाकून लावलेलं, सकाळ-संध्याकाळ सऱ्यांतून फिरून गड्ड्यांवर हात ठेवून बघायचे. ते खाटेवरून उठलेच.

“पाटकऱ्याला आत घालशील आणि पाणी कोण सोडेल? तुझा बाप?”

“मामंजी, पोरीची बोटं मोडलीत.”

“मी नाही म्हणतो का? वाईटच झालं. चार माणसं नेऊ, त्याला समज देऊ.”

“समज मी एकदा दिलीय. त्याचं काय झालं ते बघून आले.”

भावजी, म्हणजे तिचा नवरा, कधी बापाकडं बघत होते, कधी बायकोकडं. पाणी सोसायटीचे चेअरमन तर बोलावल्याशिवायच येऊन बसले. गावात बातमीला पाय लागत नाहीत. “नर्सबाई, कोबी काढणीला आलाय, आमचाही आलाय. एवढा हंगाम जाऊ द्या. मग बघू. कोणत्या घरात पोरांना मार बसत नाही?”

खरं सांगते, मीही तिला बाजूला घेऊन म्हणाले, “धाकटे, काढणी होऊ दे गं.” तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला ती नजर सहन झाली नाही.

“काढणीपर्यंत ती टिकली पाहिजे ना, ताई.”

तिनं आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. “खात्री आहे का तुमची? तुम्हाला त्याच गावात राहायचंय. विचार करा.”

“साहेब, खात्री करणं पुढच्या लोकांचं काम. मला दिसलं ते कळवणं माझं काम आहे, नियम आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय केलं असं नको म्हणून फोन केला.”

मग अंगणात आमच्या सगळ्यांसमोर उभं राहून तिनं मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. कुठं वळ, कुठं सूज, कधी कधी बघितलं, पोर काय बोलली, काय बोलली नाही, सगळं सांगितलं. एकदाही ‘त्यानं मारलं’ म्हणाली नाही, दिसलं तेवढंच बोलली. आणि शेवटी म्हणाली, “आईला आणि मुलीला एकत्र हलवा. माणूस अंधार पडायच्या आत घरी येतो.” फोन ठेवल्यावर ती हात धुवायला गेली.

गाडी आली, दोघींना घेऊन गेली. पाटकऱ्याला पोलिसांनी वाटेतच धरलं. मोठ्या दवाखान्यात मुंगीच्या फासळ्या पूर्वी मोडून भरून आल्याचं निघालं. पोरगी तिथल्या बाईंशी हळूहळू बोलायला लागली. मग दोघींना नव्या बायकोच्या मोठ्या बहिणीकडं ठेवायचं ठरलं. पत्ता कुणाला सांगायचा नव्हता. आमच्या घराला मात्र ठाऊक होता, कारण त्यांचे कपडे नेऊन द्यायला आमचे हेच धाकटीला दुधाच्या गाडीतून घेऊन गेले होते.

इकडं पाण्याचे हाल सुरू झाले. दारं कुणाला हलेनात. एकाचं शेत बुडालं, दुसऱ्याचं जळालं. मुंगीचं नाव कुणी घेत नव्हतं, शिव्या मात्र आमच्या घराला. दवाखान्यात बायका येईनात. ज्या पोरांना धाकटीनं पहिल्या टोचण्या दिल्या त्यांच्या आया तिला बघून रस्ता बदलायच्या. आणि थोड्याच दिवसांत पाटकरी जामिनावर सुटून आला. चेअरमनांनी त्याला हातोहात कामावर घेतलं. कोर्टाचं कोर्ट बघेल, म्हणाले, पीक थांबतंय का?

पाणी सगळ्यांना मिळालं. आमच्या पाळीला तेवढं दार अडकायचं.

कोबीची पानं आधी मलूल झाली, मग कडेनं पिवळी. आम्ही विहिरीचं उरलेलं पाणी बादल्यांनी ओतलं. खांदे भरून आले. तापलेली जमीन टाकलेलं पाणी गिळायची आणि वर काही दिसायचं नाही. मामंजी सऱ्यांत जाऊन उभे राहायचे, परत यायचे.

असंच एकदा सकाळी पाटकरी बांधावर आला. फटफटी बंद करून चपला काढून मामंजींसमोर उकिडवा बसला. मी चार हातांवर होते.

“काका, तुमचं पीक बघवत नाही मला. मी काय राक्षस आहे? रागाच्या भरात हात उठला असेल. माझी पोर मला एकदा भेटू द्या, कोर्टात ती काय बोलते त्यावर माझं सगळं आहे. कुठं ठेवलीय तेवढं सांगा. उद्या सकाळी तुमच्या सऱ्या भरून देतो, आणि पुढंही पाळी चुकणार नाही. माझा शब्द.”

मामंजी कितीतरी वेळ कोबीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या सकाळी ये.”

मी बादली तिथंच टाकून घराकडं पळाले.

धाकटीला मी सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक झाली. ती मामंजींपुढं जाऊन उभी राहिली, काहीतरी बोलणार होती, पण ते उठून आत गेले. मग तिनं मला विचारलं, “ताई, ते सांगतील का गं?”

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण मला येईना. त्या कोबीवर म्हातारा कसा जीव लावून होता ते मी बघितलं होतं. आम्ही दोघी चुलीपुढं बसून राहिलो. भावजी म्हणाले, सकाळी मी बांधावरच उभा राहतो. धाकटीनं नव्या बायकोच्या बहिणीला फोन केला, पोरीला घेऊन दुसरीकडं जाता येईल का म्हणून. कुठं जाणार होत्या त्या?

उजाडलं आणि मला शेताकडून गुरांच्या घंटा ऐकू आल्या. गोठा बघितला तर रिकामा. धावत गेले. कुंपणाचे खांब उपटून टाकलेले, आमच्या सगळ्या गाई कोबीत, वासरं कोबीत, शेजाऱ्यांच्या शेळ्याही शिरलेल्या. गड्डे फुटल्याचा कडाकडा आवाज येत होता. मधोमध मामंजी काठी घेऊन उभे.

“अहो मामंजी! हाका ना! सगळं खाल्लं!”

“गप्प. ती कपिला एका जागी तोंड घालून बसलीय. तिला तिकडं वळव, त्या सऱ्या राहिल्यात.”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मागून धाकटी आली, भावजी आले. तेवढ्यात पाटावर फटफटी वाजली. पाटकरी खुशीत होता, पान्हा त्याच्या खांद्यावर होता. बांधावर चढला आणि तिथंच थबकला.

“काका, हे काय?”

“ये,” मामंजी म्हणाले. “बोल, कशाला पाणी देणार होतास?”

पाटकऱ्यानं शेताकडं बघितलं, धाकटीकडं बघितलं.

“मला आता पाणी लागत नाही,” मामंजी म्हणाले. “चाऱ्याला कोण पाणी देतं? जा तू.”

त्यानं पान्हा खांद्यावरून उतरवून हातात घेतला. भावजी पुढं झाले, आमचे हेही धावत आले होते, तेही पुढं झाले. तेव्हा तो वळला आणि फटफटी सुरू करून निघून गेला.

आवाज लांब गेला तसे मामंजी खाली बसले. अर्धवट खाल्लेला एक गड्डा त्यांनी मांडीवर घेतला, वरची माती पुसली आणि हुंदके देऊन रडायला लागले. धाकटी त्यांच्याजवळ जाऊन बसली. आम्ही कुणी त्यांना उगी केलं नाही. मी त्यांच्या हातातली काठी घेतली आणि कपिलेला उरलेल्या सऱ्यांकडं वळवलं.